"गाडी स्लिप झाली": ऊसाची ट्रॉली, मोडलेली नडगी आणि केसपेपरवरची एक ओळ

मी एका वकिलाकडं कारकून आहे, बारा वर्षं झाली. अपघाताच्या क्लेमचे कागद जुळवायचे, पोलीस ठाण्यातून नकला काढायच्या, सर्टिफिकेटसाठी डॉक्टरच्या मागं फिरायचं, हेच माझं काम. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या फायली बांधल्या आणि मागच्या वर्षी घरचीच फाईल बांधायची पाळी आली. माझा मेव्हणा. नाव, गाव, दवाखाना, ठाणं काही टाकत नाही, बाकी जसं झालं तसं सांगतो, आमच्या चुकांसकट.

जानेवारी 2025. गाळप हंगाम जोरात, रस्त्यावर जिकडं बघावं तिकडं ट्रॅक्टर. मेव्हण्याचं वय तेव्हा 29, बोअरच्या मोटारी भरायचं दुकान. लातूरला तांब्याची तार आणायला गेलता, येताना रेणापूर फाटा मागं टाकून अंबाजोगाईकडं निघाला, साडेसात-पावणेआठचा टाईम, पूर्ण अंधार. समोरून ट्रक आला, त्यानं लाईट काही डीपर केला नाही, याचे डोळे दिपले आणि ट्रक बाजूनं गेला तोवर समोर ऊस. म्हणजे अक्षरशः ऊस, कारण ट्रॉली दिसलीच नाही त्याला, वाढ्याचे शेंडे तेवढे दिसले. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागच्या ट्रॉलीचा टायर फुटलेला म्हणून डांबरावरच उभा, ना मागं लाल लाईट, ना रिफ्लेक्टर, ना मागं दगड-फांद्या टाकलेल्या. यानं ब्रेक मारून बाजूला काढायला बघितली पण ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्याच्या लोखंडात उजवा पाय सापडला. नडगीची दोन्ही हाडं मोडली, एक कातडीतून बाहेर. हेल्मेट होतं, आरशाला लटकवलेलं. कपाळाला सात टाके.

त्या जागेवर जे झालं ते मात्र बरोबर झालं आणि ते केलं ऊसतोडीच्या टोळीतल्या एका बाईनं. याला उठून बसायचं होतं, तिनं डोकं मांडीवर न घेता तसंच जमिनीवर दोन्ही हातानं धरून ठेवलं, म्हणली हलू नको लेकरा. नवऱ्यानं कोयत्यानं दोन ऊस सारखे तोडले, पायाच्या दोन्ही बाजूला लावले आणि धुतलेलं धोतर फाडून घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत बांधलं. बाहेर आलेलं हाड आत ढकलायला गेले नाहीत, त्यावर कपडा टाकला फक्त. पाणी मागत होता, दिलं नाही, नुसते ओठ ओले केले. नंतर हाडाच्या डॉक्टरनी ते ऊस बघून विचारलं हे कुणी बांधलं, चांगलं बांधलंय. आपल्याकडं अपघात झाला की चार जण उचलतात, बसवतात, पाणी पाजतात, डोक्यात हेल्मेट असेल तर जोर लावून ओढून काढतात, आणि मान नाहीतर पाठीचा कणा दुखावलेला असला तर तिथंच माणूस कायमचा जायबंदी होऊ शकतो. श्वास अडकत नसेल तर हेल्मेटला हात न लावलेला बरा, 108 येऊस्तोवर डोकं-मान एका रेषेत धरून ठेवायची आणि मागून येणाऱ्या गाड्यांना कुणीतरी लांब उभं राहून बॅटरी दाखवायची, कारण दुसरी गाडी त्याच जागेवर येऊन आदळते हे मी तीन फायलीत बघितलंय.

108 ला फोन लागला पण तोवर एक पिकअपवाला थांबला, त्यानं दवाखान्यात आणून सोडलं आणि गायब झाला. पोलिसाच्या लफड्यात कोण पडणार हीच भीती. खरं तर मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं 134-अ कलम आलंय, मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, त्याच्यावर दिवाणी-फौजदारी काही लागत नाही, आणि त्याच्याही आधी 2016 ला सुप्रीम कोर्टानं हे ठरवून दिलेलं आहे. तो थांबला असता तर एक नंबरचा साक्षीदार झाला असता. गेला तो गेला.

आता मूळ घोळ. दवाखान्यात सगळ्यात आधी पोचला मेव्हण्याचा चुलत भाऊ. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात काय झालं, हा म्हणतो गाडी स्लिप झाली. झालं. केसपेपरवर इंग्रजीत ओळ पडली, दुचाकीवरून स्वतःहून पडला. मी तासाभरानं पोचलो, केसपेपर हातात घेतला आणि पोटात गोळाच आला. म्हणलं कामून असं सांगितलंस रे? तर म्हणतो, "दाजी, गाडीचा इन्शुरन्स नोव्हेंबरातच संपलाय, पीयूसी बी नाही, ट्रॉलीचं सांगितलं की पोलीस येतेत, गाडी नेतेत, उलटा आपल्यावरच गुन्हा, अन् डॉक्टर बी हात लावत नाहीत पोलीस येऊस्तोवर." त्याला शिव्या देऊन उपयोग नव्हता, आख्खा मराठवाडा असाच विचार करतो.

तर एकेक सांगतो. इमर्जन्सीच्या पेशंटला पोलिसाची वाट बघत थांबवता येत नाही, आधी उपचार, एमएलसीची, म्हणजे पोलिसाला कळवायच्या केसची, नोंद सोबत चालते. दुसरं, आपल्या गाडीचा इन्शुरन्स नाही म्हणून समोरच्याच्या चुकीबद्दल मागायचा आपला हक्क बुडत नाही. विना इन्शुरन्स गाडी चालवली त्याचा दंड आहे, पहिल्या वेळेला 2,000 रुपये, तो भरायचा. बुडतं काय, तर आपल्या पॉलिसीसोबत गाडीमालक-चालकासाठी जो 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो तो, आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान. हजार-दीड हजाराच्या रिन्यूअलला कंटाळा केला की हे जातं. पण ट्रॅक्टरच्या विमा कंपनीकडं जे मागायचं ते तसंच राहतं. हे त्या रात्री चुलत भावाला माहीत असतं तर ती ओळ पडली नसती आणि पुढचं वर्षभराचं माझं निम्मं काम वाचलं असतं.

ती ओळ खोडता येत नाही, आणि कुणी खोडून देतो म्हणला तरी करू नका, खाडाखोड केलेला एमएलसी म्हणजे समोरच्या वकिलाला मेजवानी. आम्ही दुसरं केलं. ऑपरेशनसाठी दुसऱ्या दिवशी खाजगीत हलवलं, तिथं भरती करताना मेव्हण्यानं शुद्धीत स्वतःच्या तोंडानं सांगितलं, उभ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला धडक, तसंच लिहून घेतलं. आणि पोलिसाला जबाब देताना पहिल्या दवाखान्यातली ओळ कुणी सांगितली, का सांगितली, तेही स्पष्ट घातलं, चुलत भावाचाही जबाब तसाच दिला. लपवण्यापेक्षा आपणच आधी सांगितलेलं बरं पडतं, कारण उलटतपासात ते निघणारच असतं.

चौथ्या दिवशी ट्रॅक्टरमालक आला, सोबत गावातले दोन वजनदार पाव्हणे. फळं आणली, विचारपूस केली, मग बाहेर मला बाजूला घेतलं. "भाऊसाहेब, गरिबाचं लेकरू आहे, आमी बी गरीबच, पंचवीस हजार घ्या अन् मिटवा, कोर्टात कोणाचं भलं झालंय." खिशातून 500 चा बॉण्ड काढला, टाईप करूनच आणलेला. वाचला. अपघात माझ्या स्वतःच्या चुकीनं झाला, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही, भविष्यात करणार नाही. सासरे सही करायला तयार, कारण ऑपरेशनचा ॲडव्हान्स दुसऱ्या दिवशी भरायचा होता. इथं मी भांडलो, घरात दोन दिवस माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. माणुसकी म्हणून कुणी दवाखान्याला मदत केली तर घ्यावी, तेवढ्या रकमेची पावती द्यावी, पण "माझी चूक" असं लिहिलेल्या कागदावर सही नाही. असा बॉण्ड कोर्टाला बांधून ठेवत नाही पण "तुमचीच चूक तुम्हीच लिहून दिली" हे पुढं प्रत्येक तारखेला ऐकावं लागतं. आणि एक गोष्ट त्या ट्रॅक्टरमालकाला पण कळत नव्हती, की त्याच्या ट्रॅक्टरची पॉलिसी चालू असेल तर पैसे द्यायचे विमा कंपनीला आहेत, तो उगीच बॉण्ड घेऊन फिरलालाय.

गुन्हा नोंद व्हायला नववा दिवस उजाडला. उशीर आमच्याकडूनच. भारतीय न्याय संहितेचं कलम 281 बेदरकारपणाचं आणि 125 मधलं गंभीर दुखापतीचं, कायद्यात हाड मोडणं म्हणजे गंभीर दुखापतच, शिवाय सार्वजनिक रस्त्यावर अडथळ्याचं 285. मोटार वाहन कायद्याचं 122 पण आहे, धोकादायक पद्धतीनं गाडी रस्त्यावर उभी ठेवणं. हे 122 मुद्दाम लक्षात ठेवा, कारण मागून धडकलं की ठाण्यातला पहिला प्रश्न असतो, उभ्या गाडीला तू जाऊन धडकलास तर चूक कुणाची? नऊ दिवसाच्या उशिराबद्दल विमा कंपनीनं बोंब मारलीच, पण आधी जीव की आधी तक्रार असा प्रश्न असतो तिथं नुसत्या उशिरानं क्लेम खोटा ठरत नाही हे सुप्रीम कोर्टानं 2011 मध्येच सांगितलंय. अर्थात उशीर व्हावाच असं नाही. ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर पोलीस अधीक्षकाला लेखी, नंतर मॅजिस्ट्रेटकडं जाता येतं. हद्द कुणाची यावरून वाद घातला तर झिरो नंबरनं नोंद करून पाठवावी लागते.

आता पुरावा. ट्रॉलीला नंबर नाही, ट्रॅक्टरच्या पुढच्या पाटीवर देवाचं नाव. रात्रीत टायर बदलून ट्रॅक्टर कारखान्याला निघून गेला. राहिलं काय? एक, टोळीतल्या एका पोरानं मोबाईलवर फोटो काढलेला, 7 वाजून 52 मिनिटं, ट्रॉलीच्या कोपऱ्यात अडकलेली मोटारसायकल आणि मागं मिट्ट अंधार, एक पण लाल ठिपका नाही. टोळी हंगाम संपल्यावर कुठं जाते कुणाला माहीत, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी फडावर जाऊन तो फोटो घेतला, पोराचा मोबाईल नंबर आणि मूळ गावाचा पत्ता लिहून घेतला, आणि फोटो डिलीट करू नको बाबा म्हणून हात जोडले. दोन, कारखान्याची वजनपावती. ट्रॅक्टर काट्यावर आला की नंबर आणि वेळ छापून येते, पोलिसांनी पत्र देऊन ती मागवली, तिथून ट्रॅक्टरचा नंबर पक्का झाला. नंबर एम-परिवहन ह्या सरकारी ॲपवर टाकला तर पॉलिसी चालू. त्या दिवशी पहिल्यांदा मला नीट झोप लागली.

तिसरी गोष्ट म्हणजे मोटारसायकल. गावातल्या पोरांनी ती उचलून घरी आणून ठेवलेली, सासरे म्हणाले मेकॅनिककडं टाकू, मी म्हणलं हात लावू नका, ताडपत्री टाका. पंचनाम्याला तपासी अंमलदार आले तेव्हा काढली. उजवा फूटरेस्ट मागं वाकलेला, त्यात ऊसाच्या पाचटाच्या चार-पाच काड्या अडकून वाळलेल्या, आणि लेगगार्डवर आडवा लाल रंग घासलेला. आमच्या गाडीला लाल रंग कुठंच नाही, काळी गाडी. ट्रॉली लाल. आरटीओच्या निरीक्षकाच्या अहवालात तो रंग आला. "स्लिप झाली" ह्या ओळीला खरं उत्तर दिलं ते ह्या लाल पट्ट्यानं, माझ्या कुठल्याच अर्जानं नाही. स्लिप झालेल्या गाडीला फूटरेस्टमध्ये पाचट कुठून येणार. गाडी आठवडाभरात दुरुस्त करून टाकली असती तर काय दाखवलं असतं?

कागदाच्या बाबतीत एप्रिल 2022 पासून नियम चांगले झालेत, पोलिसांनी 48 तासात पहिला अपघात अहवाल, 50 दिवसात अंतरिम आणि 90 दिवसात सविस्तर अहवाल अपघाताचे क्लेम बघणाऱ्या न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो आपोआप होईल म्हणून बसू नका, लेखी अर्ज देऊन पोच घ्या. आणि सगळ्यात मोठी तारीख म्हणजे सहा महिने. पूर्वी क्लेमला मुदतच नव्हती, लोक चार-चार वर्षांनी यायचे, तेच डोक्यात बसलंय. 1 एप्रिल 2022 पासून मोटार वाहन कायद्याच्या 166 कलमाखालच्या भरपाईच्या अर्जाला अपघाताच्या तारखेपासून सहा महिने. ह्या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर स्वतःची फाईल घरी ठेवायची नसते. आम्ही मे महिन्यात दाखल केला, आमच्या तालुक्याच्या कोर्टात, कारण अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला तरी अर्जदार राहतो तिथं दाखल करता येतो.

दाखल करताना वकीलसाहेबांनी एक पर्याय समोर ठेवला. त्याच कायद्याच्या 164 कलमाखाली गंभीर दुखापतीला सरळ अडीच लाख, मृत्यूला पाच लाख, चूक कुणाची हे सिद्धच करावं लागत नाही. पण ते घेतले की 166 चा अर्ज संपतो. मेव्हणा म्हणला दाजी घेऊन टाकू. खर्चच दोन लाख दहा हजार झालेला, मी म्हणलं पाय आयुष्यभराचा आहे, थांब. आमचा फोटो नसता, लाल रंग नसता, तर मीच अडीच लाख घ्यायला सांगितलं असतं हेही खरं.

दवाखान्याच्या खर्चाचं एक सांगायचं राहिलं. आता 5 मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, रस्ते अपघातातल्या कुणालाही ठरवून दिलेल्या दवाखान्यात अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत. आमच्या वेळेला ती नव्हती, आणि ज्या खाजगीत नेलं तिथं महात्मा फुले योजना पण नव्हती, गडबडीत कुणी विचारलंच नाही. सासऱ्यांच्या नावावर सातबारा म्हणून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचं पण बघितलं, पण ती मृत्यू किंवा अवयव-डोळा गमावला तर, मोडलेल्या पायाला नाही.

विमा कंपनीनं काय काय काढलं. पहिली ती ओळ, अर्थातच. दुसरं, हेल्मेट नव्हतं. वकीलसाहेब म्हणाले, मोडलीय नडगी, हेल्मेट काय पायात घालतात का? कपाळाच्या सात टाक्यांपुरतं बोला. कोर्टात असं तोंडावर बोलत नाहीत पण मुद्दा तोच, अपघाताचं किंवा त्या जखमेचं कारण हेल्मेट नसणं होतं का हे दाखवावं लागतं, नियम मोडला म्हणजे आपोआप तुझी चूक असं नाही. तरी हेल्मेट आरशाला लटकवणाऱ्याचं मी कौतुक करणार नाही, हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन निलंबन, आणि त्या रात्री डोकं चार बोटं इकडं-तिकडं असतं तर आमची फाईल वेगळ्याच कलमाची झाली असती. तिसरं, लाईट असून दिसलं कसं नाही, म्हणजे गाडी जोरात होती. ह्यात थोडं तथ्य होतं, समोरून प्रखर लाईट आला की स्पीड निम्मा करायचा असतो आणि यानं केला नव्हता, मला त्यानं स्वतः सांगितलंय. चौथं म्हणजे पॉलिसी ट्रॅक्टरची, तीही शेतीकामाची, ट्रॉलीचा वेगळा विमा नाही. हा मुद्दा खरा टोचणारा होता, असल्या भांडणात कोर्ट कधी कंपनीला आधी भरायला लावून मालकाकडून वसूल करा म्हणतं, कधी नाही म्हणतं.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र आलं 40 टक्के. सासरे खुश, म्हणजे कमाईच्या 40 टक्के मिळणार. तसं नसतं. ते 40 टक्के पायाचे असतात, कमाई किती टक्के बुडाली हे कोर्ट माणसाचं काम बघून वेगळं ठरवतं, राजकुमार विरुद्ध अजयकुमार या सुप्रीम कोर्टाच्या 2010 च्या निकालात हेच आहे. बँकेत खुर्चीवर बसणाऱ्याला मोडलेल्या नडगीनं फारसा फरक पडत नाही. याला मात्र शंभर-दीडशे किलोची मोटार उकिडवं बसून खोलावी लागते, बोअरवर साखळी-कप्पी लावून ओढावी लागते. आम्ही दुकानात जाऊन त्याचं उकिडवं बसणं, मग मधेच पाय सरळ करून भिंत धरून उठणं, फोटो नाही, व्हिडिओच काढला. वकीलसाहेबांनी कमाईचं नुकसान 20 टक्के धरायला लावलं.

हिशोब असा. रिटर्न कधी भरलेला नाही, त्यामुळं आम्ही महिना 18,000 म्हणलो, कंपनी 9,000, शेवटी 12,000 वर आले. वर्षाचे 1,44,000. चाळिशीच्या आतला, स्वतःचा धंदा, म्हणून पुढं कमाई वाढली असती त्याचे 40 टक्के वर, झाले 2,01,600. किती वर्षांची कमाई धरायची याचा वयावरून ठरलेला गुणक असतो, वय 29 ला 17, झाले 34,27,200, त्याचे 20 टक्के 6,85,440. दवाखाना 2,10,000, सहा महिने दुकान बंद 72,000, वेदना-त्रासाचे एक लाख, माणूस सोबत ठेवला, गाड्या, खाणंपिणं 40,000. एकूण 11,07,440. यातून त्याची स्वतःची चूक म्हणून 30 टक्के कापले तर पावणेआठ लाख. बिलं सगळी होती म्हणून ते दोन लाख दहा हजार एका फटक्यात मान्य झाले, मेडिकलच्या चिठ्ठ्या सासूबाईंनी औषधाच्या डब्यात घालून ठेवलेल्या, त्या बाईला मानलं.

लोकअदालतीत साडेसात लाखावर तुटलं. मी म्हणत होतो थांबा, पुरावा बरा आहे, कापणी 30 वरून 20 वर येईल आणि व्याज वेगळं. पण ट्रॉलीचा मुद्दा अंगावर आला असता तर निकालानंतर मालकाच्या मागं फिरावं लागलं असतं, आणि कंपनी अपिलात औरंगाबाद खंडपीठात गेली असती तर आणखी काही वर्षं. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, ते दोन्ही बाजूंना. मेव्हण्यानं सही केली. मला अजून वाटतं थोडं घाईनं केली, त्याला वाटतं बरं केलं, दुकानावरचं कर्ज फिटलं.

एक चूक मात्र निव्वळ माझी. नडगीत टाकलेला रॉड आता टोचतोय, डॉक्टर म्हणतात काढावा लागेल, पुन्हा भरती, पुन्हा भूल. पुढच्या ऑपरेशनचा खर्च डॉक्टरच्या अंदाजपत्रकासकट मागणीत धरायचा असतो, दुसऱ्यांच्या फायलीत मी तो न चुकता धरतो. घरच्या फाईलीत राहिला. तडजोड झाली म्हणजे तो विषय संपला, आता खिशातून. पावसाळा झाला की या म्हणलेत.